रक्तराज सशाला सोडतो

एका जंगलात, बाळांनो, वीज नव्हती. पण व्हिडिओ गेम होता. कसा, ते विचारू नका. बोलणारा ससा मुकाट्याने चालवून घेता ना? मग हेही चालवून घ्या.

गेमचं नाव होतं ‘रक्तराज’. त्यातला रक्तराज दिवसभर गुहेत उलटा लटकून झोपायचा. दिवस मावळला की काळा झगा पसरून उठायचा, तलवार परजायचा आणि समोर येईल त्याचं रक्त प्यायचा. समोर बहुतेक वेळा ससेच यायचे.

हा गेम बनवला होता साळिंदरकाकांनी. रक्तराजाला आवाज दिला होता दामूअण्णा नावाच्या म्हाताऱ्या वटवाघळाने. “आज कोणाची पाळी?” असं अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले, की अख्ख्या जंगलाच्या अंगावर काटा यायचा. साळिंदरकाकांच्या अंगावर तो आधीपासूनच होता.

गेमचे चार भाग निघाले. चाहता मंडळ निघालं. मंडळाचा अध्यक्ष कोण? कानोबा ससा! पहिल्या भागात रक्तराज एका सशाच्या मानेत सुळे रुतवतो, ते पाहताना कानोबा स्वतःची मान कुरवाळायचा आणि म्हणायचा, “वा! अशी मान पुन्हा कोणी फोडली नाही.”

बऱ्याच वर्षांनी पाचव्या भागाची झलक आली. सगळे पाणवठ्यावर जमले. रक्तराजाने एक ससा पकडला. त्याच्या डोळ्यांत पाहिलं. आणि त्याला सोडून दिलं.

“सोडला?” कानोबा किंचाळला. “ससा सोडला?”

“अहो, पण तुम्ही ससाच आहात ना?” साळिंदरकाकांनी विचारलं.

“मी आधी चाहता आहे, मग ससा!”

झालं. खार म्हणाली, झगा पूर्वी जास्त काळा होता. रानडुक्कर म्हणालं, पहिल्या भागानंतर सगळा चिखल झाला. आणि चिखलातलं त्याला कळतं. ज्या चौथ्या भागाला सगळ्यांनी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या होत्या, तो आता एकदम थोर ठरला. पाचव्या भागावर बहिष्काराची शपथ झाली. शपथ घेऊन सगळे धावत सुटले, पहिल्या रांगेतली जागा धरायला.

मग मंडळ दामूअण्णांकडे गेलं. अण्णा एका उंबराच्या ढोलीत राहायचे. लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, म्हणून ते हळू आवाजात बोलत होते.

“अण्णा, तुम्हीच काकांना सांगा,” कानोबा म्हणाला. “रक्तराज कधी ससा सोडेल का?”

अण्णा ओशाळले. “अरे, ते मीच सुचवलं बाबा. ससे बिचारे गरीब शेजारी. किती मारायचे?”

“मग तुम्ही स्वतः कोणाचं रक्त पिता?”

“रक्त? छे रे! मी डास खातो. संध्याकाळी तुमच्याच बिळांवर घिरट्या घालतो की. बघत नाहीस?”

खार रडायला लागली. तिचं बालपण नासलं होतं.

“चार भाग!” कानोबा ओरडला. “चार भाग आम्ही या डासखाऊला घाबरलो!”

साळिंदरकाकांच्या अंगभर काटे होते, पण चाहत्यांपुढे ते लोण्याहून मऊ. त्यांनी अण्णांना गेममधून काढलं. मंडळाने त्यांना झाडावरून काढलं. खोटा रक्तपिपासू डोक्यावर कशाला हवा? अण्णा अवघडलेल्या लेकीला घेऊन पलीकडच्या डोंगरात निघाले. जाताना म्हणाले, “पोरांनो, संध्याकाळी अंग झाकून बसत जा रे.” हे सांगताना मला वाईट वाटतं, बाळांनो. मंडळाला नाही वाटलं. त्यांना वाटलं, धमकी दिली.

आता रक्तराजाच्या आवाजासाठी खरं रक्त पिणारं कोणीतरी हवं होतं. शोधता शोधता गुणगुणेबाई नावाची डासीण सापडली. डासांमध्ये रक्त पिण्याचं काम बायकाच करतात.

“रक्तराज आणि बाई?” रानडुक्कर फुरफुरलं. “आमच्या भावना दुखावल्या.”

गुणगुणेबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्या कानोबाच्या कानावर बसल्या. कानोबाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“पितात हो!” तो म्हणाला. “खरंच पितात!”

मग काय, प्रत्येकाने आपापला कान पुढे केला. बाईंनी बहिणींना बोलावलं, बहिणींनी नणंदांना. अडवायला अण्णा नव्हते. साळिंदरकाकांनी गेममधल्या सशाची मान पुन्हा फोडून दिली आणि पाचवा भाग आला. त्यात रक्तराज सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त “ऊंऽऽऽ” म्हणत होता. कोणाला काही कळलं नाही, म्हणून सगळ्यांनी त्याला सखोल म्हटलं.

आठवडाभरात जंगल तापाने फणफणलं. कानोबाच्या बिळात तर सगळेच आडवे. पिल्लांचे दात कडकड वाजत होते. धाकट्याने दोन दिवस गवताची काडी तोंडात घेतली नव्हती. साळिंदरकाका गुळवेलीचा काढा घेऊन आले.

“कानोबा, मी अण्णांच्या पाया पडतो,” ते म्हणाले. “परत बोलावतो त्यांना. तू फक्त हो म्हण.”

“हो म्हणा हो!” कानोबाची बायको कळवळून म्हणाली. “पोराकडे बघा तरी!”

कानोबाने धाकट्याकडे पाहिलं. त्याचा ओठ थरथरला. क्षणभर तो अगदी ससा झाला.

“अण्णा आले, तर गुणगुणेबाईंचं काय होईल?” त्याने विचारलं.

“खाऊन टाकतील.”

“रक्तराजालाच?” कानोबा ताडकन उठून बसला. “शक्य नाही! पहिल्या भागानंतर प्रथमच मालिका मूळ पदावर आलीय. काका, जरा कौतुक करायला शिका. या वेळी कोणाला सोडलं नाही!”

एवढं बोलून तो कोसळला. बायकोने धाकट्याला पाठीवर घेतलं आणि काकांना न विचारता, नवऱ्याला न सांगता, ती अण्णांच्या डोंगराकडे पळत सुटली. मंडळाने तिचं सदस्यत्व रद्द केलं.

तात्पर्य : भलेपणाला चाहते मिळत नाहीत. म्हणून कोणाचा जीव वाचवायचाच असेल, तर आधी तोंडाला थोडा लाल रंग फासून घ्यावा.