इरेनाताईंचे सोनेरी मासे

पाण्यातलं आपल्याला कुणी शिकवू नये, असं झेनोनचं ठाम मत होतं. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात त्यानं उभा जन्म काढला होता. त्यामुळे गेल्या पानगळीत थोरली मेहुणी इरेना घर विकून मुलाकडे पोझ्नानला निघाली आणि तिच्या गोल्डफिशचं काय करायचं असा प्रश्न आला, तेव्हा झेनोननं छाती पुढे काढली.

"आमच्या परसातल्या तळ्यात सोडा, इरेनाताई. ईस्टरला या, काचेतून बघावे तसे बघा."

"काझिकनं वाढवलेत ते," इरेना एवढंच म्हणाली. काझिक म्हणजे तिचा नवरा. त्याला जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं.

त्या हिवाळ्यात थंडीनं दाराची कडी हाताला चिकटायची. तळं गोठलं. बर्फावर हातोडा मारला तर दणक्यानं मासे मरतात, म्हणून झेनोन रोज उकळत्या पाण्याचं पातेलं बर्फावर ठेवून माशांना श्वासापुरतं भोक पाडायचा.

"इतक्या वेळा मला चहा विचारला असतात, तर जन्माचं सार्थक झालं असतं," बोजेना म्हणायची. ती त्याची बायको.

मार्चअखेर बर्फ वितळला. तळ्यात पाणी नव्हतं, दुधाची कॉफी होती.

झेनोन डगमगला नाही. त्यानं कुजलेली पानं काढली, थोडं पाणी उपसून ताजं भरलं. संध्याकाळी तळ जरा दिसू लागला. सकाळी पुन्हा कॉफी! शिवाय लावलेली कमळं मुळासकट वर तरंगत होती. मासा एकही दिसेना.

"गावाला असंच पाणी पाजत होतात का?" बोजेनानं विचारलं.

झेनोननं चिचुंद्रीवर संशय घेतला, मग बगळ्यावर. बगळ्याला भिववायला प्लास्टरचा बगळा उभा केला. त्याच्या डोक्यावर खरा बगळा येऊन बसला.

शेजारचा वाल्देक कुंपणावरून हे बघायचा. हा आडदांड गडी. नाताळच्या जेवणातला कार्प मासा मारायचं काम दरवर्षी त्याच्याकडे असायचं. बाथटबमध्ये आणून ठेवलेला जिवंत मासा झेनोन ओल्या टॉवेलात गुंडाळून त्याच्या हातात द्यायचा आणि तासाभरानं साफ केलेले तुकडे घरी यायचे. झेनोनच्या हातून माशीही मरत नसे.

"ढवळू नकोस रे," वाल्देक म्हणाला. "निवळेल आपोआप." आणि लगबगीनं घरात गेला.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी चर्चमधून अंड्यांची टोपली मंत्रून घेऊन इरेना थेट परसात आली. पाण्याकडे बघत उभी राहिली.

"मेले असतील तर सांगून टाका, झेनोनराव. मी रडणार नाही," असं म्हणताना तिनं रुमाल काढलाच होता.

झेनोननं जाळं उचललं आणि तळात घातलं. जाळं जड लागलं. त्यानं जोर लावला, जाळ्यानं त्याच्याहून जास्त लावला, आणि पाणीपुरवठा खात्याचा निवृत्त अधिकारी टोपीसकट तळ्यात गेला. वर आला तेव्हा त्याच्या मिठीत तान्ह्या बाळाएवढा कार्प होता.

"यानं खाल्ले माझे मासे!" इरेना किंचाळली.

"कार्प मासे खात नाही, ताई. तळाचा चिखल उकरतो," झेनोन दात वाजवत म्हणाला. "पण हा आला कुठून?"

बोजेना वाकून बघत होती. माशाच्या कुशीवर एका खवल्याची जागा रिकामी होती. तिनं पर्समधून नाताळच्या माशाचा खवला काढला. पैसा टिकावा म्हणून तो वर्षभर जपायचा असतो; मासा बाथटबमध्ये असतानाच तिनं तो काढून घेतला होता. तिनं तो त्या जागी ठेवला. चपखल बसला.

"वाल्देकभाऊजी," ती कुंपणाकडे न बघता म्हणाली, "इकडे या."

वाल्देक मान खाली घालून आला. "वहिनी, त्यानं माझ्याकडे बघितलं हो. तळ्याच्या बर्फाला भोक होतंच."

"मग आम्ही खाल्लं काय?"

"दुकानातला. बर्फातला."

"अख्ख्या पंगतीला मी सांगितलं, ताज्या माशाची चव जिभेला कळते म्हणून." बोजेनाचा आवाज एकदम खाली आला. "आणि आधीच्या वर्षीचे?"

"ते नदीत सोडले. यंदा नदी गोठली होती."

शिक्षा तिथल्या तिथे ठरली. वाल्देकनं स्वतःच्या परसात तळं खणायचं. "काझिकच्या माशांबरोबर हिवाळा काढलाय यानं. याला कुणी हात लावायचा नाही," असं इरेनानं बजावलं. तळं होईपर्यंत कार्प पुन्हा बाथटबमध्ये गेला. घरात बाथरूम एकच होती.

सोमवारी सकाळी इरेनानं हाक मारली. पाणी निवळलं होतं. कमळाच्या मुळांशी आधी एक नारिंगी ठिपका हलला, मग दुसरा, मग सगळेच उन्हात वर आले. इरेना काठावर बसून एकेकाला काझिकनं ठेवलेल्या नावानं हाक मारत होती. झेनोन जवळ गेला.

"तुम्ही पाण्यातले जाणकार आहात, झेनोनराव," ती म्हणाली. मग नाकाला रुमाल लावून जरा लांब सरकली. "पण थोडे तिकडे उभे राहा."

इतक्यात मागून बादलीभर गार पाणी झेनोनच्या डोक्यावर आलं. ईस्टरचा सोमवार म्हणजे दिसेल त्याला भिजवायचा दिवस, आणि फावडं टाकून आलेला वाल्देक पळायच्या तयारीत होता.

"पळू नकोस," झेनोन म्हणाला. "आणखी एक बादली भर. मी साबण घेऊन आलोच."