बावीस भाग आणि एक पुसलेला

वॉशिंग मशीनमधून शर्ट स्वच्छ निघाला आणि त्याच्या खिशातून पेन ड्राइव्हही तितकाच स्वच्छ निघाला. मिस्त्रींनी तो टॉवेलने पुसला, दोनदा फुंकर मारली आणि वाळला असेल अशा समजुतीने लॅपटॉपला लावला. त्यावरचा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. चाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केलेल्या माणसाला त्या लुकलुकण्याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही.

पेन ड्राइव्हवर त्यांची बावीस भाषणं होती. शिवणवर्गातल्या मुलींना मशीनची दुरुस्ती शिकवायला त्यांनी ती लॅपटॉपसमोर बसून थेट त्या पेन ड्राइव्हवरच रेकॉर्ड केली होती. बायको जाऊन आता दोन वर्षं होत आली. तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की मिस्त्री त्यातलं एखादं लावत आणि डोळे मिटून ऐकत. एकटा पडलेला माणूस स्वतःच्याच आवाजाच्या प्रेमात पडतो, असं त्यांच्या मुलीने मनाशी ठरवलं होतं. वडिलांना वाईट वाटायला नको म्हणून ती काही बोलत नव्हती.

संध्याकाळी ती ऑफिसातून आली तेव्हा मिस्त्री पेन ड्राइव्ह चिमटीत धरून पंख्यासमोर बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर ती हसली. एकच प्रत ठेवणं म्हणजे सगळा संसार एका खिळ्याला टांगणं, म्हणून सहा महिन्यांपूर्वीच तिने सगळ्याची कॉपी करून ठेवली होती. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला.

तिथे तो फार वेळ टिकला नाही. कॉपी लावली तर त्यांचा आवाज खणखणीत आला. बॉबिन, शटल, पट्टा, तेल, सगळं जागच्या जागी होतं. तरी मिस्त्री मान पुढे करून कशाची तरी वाट पाहत राहिले.

"हे असं रिकामं का वाटतंय?" त्यांनी विचारलं.

मुलीने कौतुकाच्या अपेक्षेने सांगितलं, की मागचा गोंगाट तिने सॉफ्टवेअरने काढून टाकलाय. दारावरची बेल, भांड्यांचे आवाज, सगळं. "आणि आई मध्येमध्ये बोलायची ना, तेही कापलं. शिवणवर्गाला पाठवायचंय म्हणाला होतात. मूळचं तर तुमच्या पेन ड्राइव्हवर होतंच."

मिस्त्रींनी लॅपटॉप मिटला.

"मी तेवढंच ऐकत होतो गं," ते म्हणाले.

चौथ्या भागात बायको चष्मा कुठे ठेवलात म्हणून विचारायची. नवव्यात दूध उतू गेल्याबद्दल त्यांची खरडपट्टी काढायची. सतराव्यात नुसती खोकायची. त्या खोकल्यासाठी ते पंचवीस मिनिटं पट्टा आणि तेल सहन करत होते.

मुलीने दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि वडिलांना घेऊन कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान गाठलं. दुकानातल्या बाईंनी आधी, ओला असताना लावायलाच नको होता, असं सुनावलं आणि मग पेन ड्राइव्ह ठेवून घेतला. तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. बावीसपैकी एकही फाईल उघडत नव्हती.

"पण तुम्हीच कधीतरी पुसलेली एक निघालीये," त्या म्हणाल्या. "पुसलं म्हणून लगेच जात नाही काही. त्या जागी दुसरं येईपर्यंत तिथेच पडून असतं."

मिस्त्रींना आठवलं. दोऱ्याच्या ताणावरचं भाषण. दुसऱ्याच वाक्याला ते अडखळले होते, चिडून चहाला उठले होते आणि रेकॉर्डिंग बंद करायचं विसरले होते. नंतर न ऐकताच त्यांनी ते पुसून टाकलं होतं.

दोघं दुकानात गेले आणि तिथेच ते लावलं. आधी त्यांचं अडखळणं, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. मग कुणीतरी खुर्चीत बसलं आणि घसा खाकरला.

"विद्यार्थिनींनो," बायकोने हुबेहूब त्यांच्या सुरात सुरुवात केली, "ताण हा अत्यंत गहन विषय आहे." मग स्वतःच्या आवाजात म्हणाली, "काही गहन नाही गं पोरींनो. टाका बिघडला की आधी दोरा पूर्ण काढा आणि परत ओवा. निम्म्या वेळा तेवढ्याने भागतं. नाहीच भागलं तर सुई बदला. स्क्रू पिळत बसू नका, त्याला आमच्याकडे एक माणूस आहे."

मुलगी हसता हसता तोंड फिरवून उभी राहिली. मिस्त्रींनी ते चार वेळा लावायला सांगितलं. दुकानातल्या बाईंनी कुणी न सांगता त्याच्या तीन प्रती केल्या आणि तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, अशी ताकीद दिली.

शिवणवर्गाला मुलीने साफ केलेले बावीस भाग पाठवले आणि मिस्त्रींच्या हट्टाखातर हा तेविसावाही. आठवड्याभराने वर्गाच्या बाईंचं उत्तर आलं. बावीस भाग माहितीपूर्ण असून सवडीने ऐकण्यात येतील. तेविसावा मात्र मुलींनी पुन्हा पुन्हा लावायला लावला. त्या ताईंचे आणखी भाग असल्यास कृपया तेच पाठवावेत.

काय कळवू, असं मुलीने विचारलं. मिस्त्रींनी ते उत्तर तिच्याकडून परत एकदा वाचून घेतलं.

"लिही," ते म्हणाले, "की मीही तेच शोधतोय."