आप्पांचा वाजणारा बैल

आमच्या डिंडोलीत उजाडलं की शेजारचे भिला आप्पा गॅलरीत उभे राहून बैलाच्या शेपटीत फुंकर मारतात. बैल मातीचा, वीतभर लांब, पोटातून पोकळ. पाठीवरच्या भोकांवर आप्पांची बोटं नाचली की घुबडाला पडसं व्हावं तसा आवाज निघतो. चाल त्यांना अजून सापडलेली नाही, सापडेल असं वाटतही नाही.

गावाकडे घराचा पाया खोदताना तो निघाला. कुणा जाणकाराने 'फार पुरातन आहे' एवढंच सांगितलं, आणि डाइंग मिलमधून रिटायर झालेले आप्पा हवेतच गेले. नवा मोबाइल दाखवा, मिक्सर दाखवा, ते म्हणणार, "हाई सम्दं कालनं शे. मन्हा ढवळ्या पुराना शे!" मुलगा लूमवर कामाला गेला की घरात उरायचे आप्पा आणि सून कविता. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की आप्पा दटावत, "चूप ऱ्हाय व, ढवळ्याले झोप लागनी."

यंदा पोळ्याला घोटाळा झाला. कविताने बाजारातून कच्च्या मातीची बैलजोडी आणली आणि पूजेत शेजारी ढवळ्यालाही मांडलं. पुरणपोळीचा नैवेद्य झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने रीतीप्रमाणे बैल बादलीत बोळवले. सगळेच!

थोड्या वेळाने आरोळी आली, "मन्हा बैल कोठे शे?" मी धावत गेलो. बादलीत नुसता गाळ दिसत होता, आणि आत कविता रडत पिशवी भरत होती. "आप्पा माले सोडाव नही. मी मायना घर जास!"

आप्पांनी कोपरापर्यंत हात घातला. बाजारातली जोडी विरघळून गेली होती. ढवळ्या मात्र हाताला लागला. कोण्या काळी भट्टीत भाजलेला गडी तो, बादलीभर पाण्याने त्याला काय होतंय! मी हुश्श केलं. आता आप्पा आधी बैलाला पुसणार आणि मग सुनेला धुणार, असा माझा अंदाज.

पण ते चिखलाच्या हातांनी तसेच आत गेले. पिशवी त्यांनी तिच्याकडून काढून घेतली.

"सापडी गया व माय. नही सापडता तरी चालतं."

"पन आप्पा, तुमना ढवळ्या..."

"त्याले फुंकनं पडस, मंग तो बोलस," आप्पा म्हणाले. "तुनी सासू गयी तवयपासून ह्या घरमा आपेआप बोलनारी तूच शे."