मेव्हण्यांच्या संगणकाची न्याय्य वाटणी

माझे मेव्हणे वारल्यावर त्यांच्या मालमत्तेची वाटणी माझ्या दोन भाच्यांमध्ये शांततेने आणि समसमान झाली, याचे श्रेय लोक मला देतात. मी ते नाकारत नाही. जमीनमोजणीच्या कार्यालयात माझी हयात गेली. दुसऱ्यांच्या हद्दी आखता आखता माणसाला एक दृष्टी येते आणि ती सेवानिवृत्तीनंतर गंजू देणे बरे नव्हे.

घरात मधोमध भिंत घातली. कपाटे, चादरी, पातेली वाटली. जेवणाचे टेबल करवतीने कापले. प्रत्येकाच्या वाट्याला दोन पाय आले, त्यामुळे आता दोन्ही अर्धी टेबले त्या भिंतीला टेकवून ठेवावी लागतात, एक अलीकडून आणि एक पलीकडून. पुढची खोली तेवढी सामाईक ठेवली, कारण तिथे माझी बहीण बसते आणि तिचे दोन भाग करण्याची तरतूद नाही. त्या खोलीतली वीज मात्र मी वाटून दिली. दिवसा थोरल्याच्या मीटरवर, दिवेलागणीपासून धाकट्याच्या. भिंतीवर एक खटका बसवला. तो वर केला की थोरला, खाली केला की धाकटा.

शेवटी संगणक उरला. तो मेव्हण्यांनी उतारवयात हौसेने घेतला होता आणि घरातले यच्चयावत फोटो त्यात भरून ठेवले होते. त्यात त्यांचे स्वतःचे एक चित्रणही होते. एरवी घुमा माणूस, पण एकदा कॅमेरा समोर ठेवून त्यांनी आपली एकुलती एक गोष्ट सांगितली होती. लग्नाआधी माझ्या बहिणीला भेटायला निघाले आणि भलत्याच घरात शिरले. तिथे पाणी प्यायले, भलत्याच मुलीच्या वडिलांशी तासभर गप्पा मारल्या आणि होकार देऊन उठले. ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकली होती की कोणीही झोपेतसुद्धा म्हणून दाखवली असती. मजा गोष्टीत नव्हतीच. गोष्ट संपली की मेव्हणे हसत, हसता हसता खोकत आणि खोकता खोकता पुन्हा हसत.

"दादा, मला बाकी काही नको," बहीण म्हणाली. "ते शेवटी हसतात ना, तेवढं ऐकायला मिळू दे. रोज नाही, आठवण आली की."

"अगं, तू तुझा हक्क मुलांसाठी सोडला आहेस," मी तिला समजावले. "आता मधेच काही मागितलंस तर तू पुन्हा हिस्सेदार होशील आणि मला टेबलापासून सगळं नव्याने मोजावं लागेल."

ती बरं म्हणाली. माझी बहीण पहिल्यापासून समजूतदार आहे.

संगणकाच्या डिस्कचे आतल्या आत दोन भाग करता येतात, असे कळल्यावर मी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने डोके खाजवले आणि म्हणाला, "काका, वाटताय कशाला? मी प्रत काढून देतो. दोघांकडेही सगळं राहील. प्रत काढायला काही लागत नाही."

"दोघांकडेही सगळं राहिलं, तर वाट्याला काय आलं?" मी विचारले.

त्याने डिस्कचे निम्मे निम्मे दोन भाग केले, पहिला थोरल्याचा, दुसरा धाकट्याचा. मग एक फोटो याला, एक फोटो त्याला, असे आम्ही सगळे वाटून घेतले. गोष्ट धाकट्याकडे गेली. तिच्या मोबदल्यात थोरल्याला एका दूरच्या आत्याच्या लग्नाचे संपूर्ण चित्रण मिळाले. ते लांबीला कितीतरी जास्त होते, तरी धाकट्याने मोठ्या मनाने हरकत घेतली नाही.

बहिणीला ती गोष्ट लगेच दाखवता आली नाही, याला तांत्रिक कारण होते. दिवसा वीज थोरल्याची असे आणि गोष्ट धाकट्याची. संध्याकाळी वीज धाकट्याची असे, पण संगणक सुरू करणारी यंत्रणा थोरल्याच्या हिश्शात बसलेली. एकमेकांच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, असे मीच ठरवून दिले होते आणि दोघेही ते कसोशीने पाळत होते. संगणकापुढे खुर्ची घेऊन बहीण बसून राही. पडदा काळा असे.

मग थोरल्याच्या लक्षात आले की ती यंत्रणा आपल्या हिश्शात जागा खाते.

"मामा, हे म्हणजे माझ्या अंगणातून सगळ्यांचा रस्ता गेल्यासारखं झालं," तो म्हणाला. "मला भरपाई पाहिजे."

मागणी रास्त होती. रस्त्याखाली गेलेली जागा दुसरीकडे भरून द्यावी लागते. मी धाकट्याला बोलावले, दोघांचे ऐकून घेतले आणि निवाडा दिला की डिस्कमधली हद्द धाकट्याच्या बाजूला सरकवण्यात यावी. धाकट्याने तोंड वाकडे केले, पण पंचाचा मान राखला.

"सरकवता येते," दुरुस्तीवाला म्हणाला, "पण धाकट्यांचं सगळं सामान उचलून पुढे न्यावं लागेल. वेळ लागेल त्याला. मधे वीज गेली तर मात्र अर्धं इकडे, अर्धं तिकडे. वीज गेली तरी चालू राहील अशी एक बॅटरी घ्या आधी."

बॅटरीचा खर्च कोणी करायचा? फायदा थोरल्याचा होता, पण जोखीम धाकट्याच्या सामानाला होती. एकमत झाले नाही. शिवाय आमच्याकडे वीज सहसा जात नाही. मी काम सुरू करण्याची आज्ञा दिली. पडद्यावर एक पट्टी दिसू लागली आणि ती डावीकडून उजवीकडे भरत चालली. पट्टी बरीच भरल्यावर दुरुस्तीवाला आपल्या दुकानी गेला. आम्ही सगळे बसून राहिलो. आपला निवाडा डोळ्यांसमोर अंमलात येताना पाहण्याचे सुख फार थोड्यांच्या नशिबी असते.

दिवेलागण झाली. धाकटा उठला आणि त्याने ठरल्याप्रमाणे खटका खाली केला.

त्याची चूक नव्हती. वीज क्षणभरच गेली, खटका वरून खाली येईपर्यंत. खोलीतला दिवा लुकलुकला आणि पुन्हा लागला. संगणक मात्र लागला नाही. तो पुन्हा सुरू केला तेव्हा थोरल्याचा हिस्सा शाबूत होता, मधे एक बेवारस पट्टा तयार झाला होता आणि धाकट्याच्या हिश्शाबद्दल संगणक म्हणत होता की हा भाग वाचता येत नाही, पुसून नव्याने आखायचा का?

"नव्याने आखायचा म्हणजे माझ्या नावाने ना?" धाकट्याने विचारले.

मला ते नोंदणीसारखे वाटले. मी मान हलवली. त्याने 'होय' दाबले. हिस्सा उघडला आणि तो स्वच्छ, रिकामा होता.

रिकामी जागा म्हणजे काय, हे ज्याने मोजणीत दिवस काढले त्यालाच कळते. कुंपण नाही, झाड नाही, वहिवाट नाही, की शेजारी एक एक पाऊल आत येऊ लागलाच. हे माझ्याकडूनच ऐकत धाकटा लहानाचा मोठा झाला होता. त्याने दुसऱ्या दिवशी आपला हिस्सा सिनेमांनी भरायला घेतला. ते सिनेमे त्याला पाहायचे नव्हते. त्यातले कित्येक तर त्याला न कळणाऱ्या भाषेतले होते. पण जागा ताब्यात दिसली पाहिजे. ते पाहून थोरल्याने मधला बेवारस पट्टा आपल्या नावे करून घेतला आणि त्यात आत्याच्या लग्नाच्या चित्रणाच्या मावतील तेवढ्या प्रती भरल्या. प्रत काढायला काही लागत नाही, हे त्याला तेवढ्यापुरते मान्य होते.

दुरुस्तीवाला आला आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"काहीही लिहायचं नसतं हो अशा वेळी," तो म्हणाला. "सामान गेलेलं नव्हतं. त्याचा पत्ता तेवढा हरवला होता. आता तुम्ही त्याच्यावर सिनेमे ओतलेत. जिथे ओतलेत, तिथलं गेलं. बाकी काय निघतं ते बघतो. पण आधी सबंध डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि शोध तिच्यात घ्यायचा. मूळ डिस्कला आता कुणीही हात लावू नका."

सबंध डिस्कची एकच प्रत म्हणजे दोघांचे हिस्से एकाच्या ताब्यात. ही डिस्क राहणार कोणाकडे? मी असे सुचवले की मूळ डिस्क उघडावी, आत हद्दीवर खडूची रेघ मारावी आणि दोन वेगळ्या प्रती घ्याव्यात.

"काका, ती उघडली की संपली," तो म्हणाला.

शेवटी नवी डिस्क तटस्थ व्यक्तीच्या, म्हणजे माझ्या ताब्यात राहील असे ठरले. या वादात बरेच दिवस गेले. त्या काळात धाकट्याने खबरदारी म्हणून आणखी थोडे सिनेमे भरले.

एके दिवशी सकाळी दुरुस्तीवाला डिस्क घेऊन आला. बरेच फोटो परत मिळाले होते. त्यांची नावे आणि तारखा गेल्या होत्या. काहींचा वरचा भाग होता आणि खाली राखाडी रंग. बहिणीला त्याचे काही नव्हते. "ते आहेत का?" तिने एवढेच विचारले.

"आहेत, काकू. थोडे."

पडद्यावर मेव्हणे आले. त्यांनी चष्मा नीट केला आणि गोष्ट सुरू केली. भलते घर आले, पाणी आले, भलत्या मुलीचे वडील आले. बहीण पुढे सरकून बसली. दोघे भाचेही आपापल्या दारात येऊन उभे राहिले. मेव्हणे म्हणाले, "मी म्हटलं, मला मुलगी पसंत आहे, आणि तेवढ्यात आतून..." आणि तिथे थांबले. तोंड उघडे, हात अर्धा वर. पुढच्या जागेवर आता एक सिनेमा होता.

बहीण म्हणाली, "पुढे हसतात ते."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, तू होतास ना नेहमी. कसे हसायचे रे? जरा करून दाखव."

खरे सांगतो, तो आवाज आठवायचा मी प्रयत्न केला. खोकला आठवला, हसू आठवेना. पण असली नक्कल केली तरी ती अस्सलाच्या जागी धरता येत नाही आणि पंचाने भावनेच्या आहारी जाऊन चालत नाही. मी तिला तसे सांगितले. ती बरं म्हणाली.

उरलेल्या गोष्टीचा प्रश्न मी तिथेच निकालात काढला. निघाल्यापासून पाणी पिईपर्यंतचा भाग थोरल्याला दिला, तिथून तोंड उघडे राहीपर्यंतचा धाकट्याला. दोघेही समाधानी आहेत. आपला भाग अजून कोणी उघडलेला नाही.

दुरुस्तीवाला जिना उतरताना पुन्हा तेच बडबडत होता, की पहिल्याच दिवशी प्रत काढून सगळ्यांना दिली असती तर काही लागले नसते. मी त्याला थांबवले आणि विचारले, "तुझ्या आईवडिलांचे फोटो तुझ्याकडे आहेत ना? भावाला पाठवलेस?"

तो म्हणाला, "पाठवायचेत." आणि भराभर उतरून गेला.

तुम्हालाही पाठवायचेच असतील. सावकाश पाठवा, घाई नाही. पुढे वाटणीची वेळ आली, तर मी सकाळी घरीच असतो.