सायलो थंड, गाडीही थंड

ओरेस्ट मेल्निचुकने त्या शनिवारी एवढंच ठरवलं होतं, की आज काही झालं तरी सायलो वितळू द्यायचा नाही. बस्स. माणसाने याहून कमी ते काय मागावं?

सायलो म्हणजे कॉम्प्युटरमधला. एरवी ओरेस्ट कॅनडातल्या यॉर्कटनजवळच्या धान्याच्या कंपनीत खऱ्याखुऱ्या सायलोंवरच, म्हणजे धान्याच्या उंच कोठारांवर, नोकरीला होता. आतला गहू तापू नये म्हणून आठवडाभर तपासत हिंडायचं, आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या तळघरात बसून रॉकेटचा सायलो, म्हणजे रॉकेट उभं करायची खोल विहीर, तापू नये म्हणून घाम गाळायचा. (याला तो विश्रांती म्हणतो.) खेळातल्या एका ओसाड ग्रहावर त्याने जमिनीखाली वसाहत वसवली होती आणि माणसांना गावातलीच नावं दिली होती. संडास बांधून दिलेला असूनही पिण्याच्या टाकीपाशीच कार्यक्रम उरकणारा जो होता, त्याचं नाव गार्थ. (शेजारच्या गार्थ थीसनला हे अजून कळलेलं नाही.) आणि रॉकेट चालवणारी वैमानिक होती लॉर्ना. बायकोचं नाव. प्रेमाने दिलेलं.

रॉकेट उडालं की खालून अशी आग ओकायचं, की सायलोच्या शिड्या वितळायच्या, वायरी जळून खाक व्हायच्या. मग ती धग झिरपत खाली भाजीच्या मळ्यात शिरायची आणि सगळी वसाहत उपाशी! तीनदा झालं होतं असं. तिसऱ्यांदा ओरेस्टने संतापून माउस फेकला, तो तळघरातल्या काकडीच्या लोणच्याच्या बरणीवर बसला. बरणी लॉर्नाची होती, त्यामुळे पुढचं सांगत नाही.

या वेळी मात्र त्याने कंबर कसली होती. उष्णता अडवणाऱ्या दुहेरी भिंती बांधल्या. सायलोतली हवा उपसून टाकली. (हवाच नाही तर तापणार काय, कपाळ?) खालून गारेगार पाण्याच्या नळ्या फिरवल्या. आणि नेमकं उड्डाणाचं बटण दाबणार, तर कॉम्प्युटरच तापला. पंखा घरघरला आणि पडदा काळा झाला.

"अरे डबड्या! सायलो थंड आणि तू तापतोस? तू?" ओरेस्ट किंचाळला.

"कोणावर ओरडतोयस?" वरून लॉर्नाने विचारलं. ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोगी खात होती. चार वाजता कर्लिंगची अंतिम लढत होती. बर्फावर दगड घसरवण्याच्या त्या खेळात लॉर्नाच्या संघाला शेजारच्या व्हर्ना थीसनच्या संघाने लागोपाठ तीन वर्षं हरवलं होतं. चषक व्हर्नाने खिडकीत ठेवला होता. कुठल्या खिडकीत? जी लॉर्नाला भांडी घासताना समोर दिसते, त्याच!

"कोणावर नाही! काम चाललंय!"

"साडेतीनला निघायचंय हं. उशीर झाला तर एक गुण फुकटात व्हर्नाला जातो. गाडी प्लगला लावलीयस ना?"

"सकाळीच लावलीय! किती वेळा विचारशील?"

लावली होती, खरंच. बाहेर उणे अडतीस होतं. अशा थंडीत इंजिनाला विजेची वायर लावून ते गरम ठेवलं नाही, तर गाडी म्हणजे दारात ठेवलेली शोभेची वस्तू. हे तिथे कोणाला शिकवावं लागत नाही.

पण थंडीचं नाव निघालं आणि ओरेस्टच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाहेर फुकटची थंडी पडलीय आणि आपण त्या फुटकळ पंख्याच्या भरवशावर बसलोय! त्याने कॉम्प्युटर उचलला, पडदा काखोटीला मारला आणि गॅरेजमध्ये बर्फ उडवायच्या यंत्रावर सगळा संसार मांडला. अंगात जाडजूड कोट, डोक्याला कानटोपी, उजव्या हातमोज्याचं एक बोट कापलेलं. गॅरेज अडगळीने इतकं भरलेलं, की गाडी कायम बाहेरच. सॉकेट एकच. त्यात एक केशरी वायर होती, दाराखालून बाहेर गेलेली.

आता ओरेस्ट काही मूर्ख नव्हता. (लॉर्नाचं मत वेगळं आहे. ते पुढे येईल.) ती वायर कुठे जाते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "दहाच मिनिटं," असं स्वतःला बजावून त्याने ती उपटली.

कॉम्प्युटर मस्त चालला. ओरेस्टने बटण दाबलं. रॉकेट ढिम्म. पडद्यावर लाल अक्षरं आली: इंधन गोठले, नळी फुटली.

"गोठलं? आता गोठलं?" ओरेस्टने यंत्राला लाथ घातली. यंत्र लोखंडी होतं, बूट नव्हता. सायलो त्याने इतका गार केला होता, की शेजारून जाणारं इंधन दगड झालं होतं. त्याने नळी बदलली. ती फुटली. तिची जागा बदलली. तिथेही फुटली. मग त्याने त्या ग्रहाला, ज्याने हा खेळ काढला त्याला, आणि टाकीपाशी उभ्या असलेल्या गार्थला शिव्या घातल्या. दहा मिनिटं केव्हाच उलटून गेली होती.

मग बाहेरून आवाज आला. ग्र्र... ग्र्र... खट्.

ओरेस्टचे हात गारठलेले होतेच, आता पायापर्यंत सगळं गारठलं.

गॅरेजचं दार उघडलं. लॉर्ना, हातात दगडापुढचा बर्फ घासायचा कर्लिंगचा झाडू.

"ओरेस्ट. वायर कुठे आहे?"

"दहाच मिनिटं काढली होती गं..."

"कशासाठी?"

"सायलो..."

"तुझ्या सायलोच्या नानाची टांग!" लॉर्ना अशी कडाडली, की छपरावरचा बर्फ पडला. "वर्षभर बर्फावर रांगत रांगत सराव केला मी! गुडघे बघ माझे! आणि तू इथे बाहुल्यांना वारा घालतोयस?"

व्हर्ना केव्हाच गेली होती आणि गल्लीतले सगळे तिच्यामागून सामना बघायला. उरला होता फक्त गार्थ, ट्रॅक्टरने रस्त्यावरचा बर्फ लोटत. लॉर्ना झाडूसकट ट्रॅक्टरवर चढली. ट्रॅक्टर ज्या चालीने जातो त्याच चालीने गेला.

संध्याकाळी ती परतली, ती व्हर्नाच्या गाडीतून. मांडीवर चषक. ("गाडी चालवतेय ना, जरा धर गं," असं व्हर्नाने गोड आवाजात सांगितलं होतं.)

ओरेस्ट गॅरेजमध्येच होता. घरात जायची हिंमत कोणाची?

"जिंकलीस?" त्याने विचारलं. (काय हा माणूस!)

"एका गुणाने हरले," लॉर्ना म्हणाली. "एका!"

तो गुण कुठला, हे दोघांनाही कळत होतं. लॉर्ना पडद्यासमोर येऊन उभी राहिली.

"ह्यासाठी? उडालं तरी का हे?"

"नाही. इंधन गोठतंय."

"मग त्याला हीटर लाव ना, मठ्ठा! थंडीत उभं असलेलं काहीही प्लगला लावावं लागतं! हे मी तुला सांगायचं?"

ओरेस्टने इंधनाच्या नळीला हीटर लावला. इंधन भळभळा वाहू लागलं. त्याला हे आधी का सुचलं नाही, हे विचारू नका.

"थांब," लॉर्ना म्हणाली. "आत बसलेली ही लॉर्ना कोण?"

"तूच. प्रेमाने ठेवलं नाव."

"आणि तो टाकीपाशी घाण करतोय तो?"

"तो... गार्थ."

"नाव कुठे बदलायचं?" तिने माउस हातात घेतला. लॉर्नाला खाली उतरवलं, गार्थचं नाव खोडून ओरेस्ट लिहिलं, त्याला रॉकेटमध्ये कोंबलं आणि बटण दाबलं. रॉकेट आग ओकत उडालं. भिंती थंड. शिड्या शाबूत. एक वायर जळली नाही, मळ्यातलं एक पान करपलं नाही.

"जमलं! लॉर्ना, जमलं!" ओरेस्ट उड्या मारायला लागला. "फक्त त्याच्याकडे परतीचं इंधन नाहीये गं."

"बघितलं मी ते," लॉर्ना म्हणाली. मग ती वाकली, सॉकेटमधून कॉम्प्युटरचा प्लग उपटला आणि तिथे केशरी वायर लावली. पडदा काळा झाला.

"अगं, सेव्ह केलं नव्हतं!"

लॉर्नाने घरात जाऊन आतून कडी घातली.

"दहाच मिनिटं!" दारापलीकडून तिचा आवाज आला.