बोडस यांची पायवाट

आमच्या गावात वाचनालयातल्या नकाशावरून जे खोडलं जातं, ते दुसऱ्या सकाळी जमिनीवर नसतं. सहासष्ट साली एका सभासदाचा चहा सांडला आणि कासारआळीतली सात घरं गेली. माणसं नातेवाइकांकडे राहायला गेली. तेव्हापासून वाचनालयात चहाला बंदी आहे.

मी गावाचा इतिहास लिहितो आहे. तो कोणी मागितलेला नाही. त्यासाठी जुने नकाशे चाळत होतो, तेव्हा ग्रंथपाल घाटगेबाईंनी अठ्ठ्याण्णव सालचा, अजून चालू असलेला नकाशा पुढ्यात पसरला. माझ्या मागच्या दारापासून वाचनालयापर्यंत एक तुटक रेघ होती. शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं : बोडस यांची पायवाट. सोमवारी खोडणे.

"चौदा महिने वापर नाही," बाई म्हणाल्या. "नियम वर्षाचा आहे. दोन महिने मीच गप्प बसले."

नलिनीला जाऊन चौदा महिने झाले होते.

"वाट माझी नाही," मी म्हणालो. "मी रिक्षाने येतो. ही आमच्या हिची."

"कार्ड तुमच्या नावावर आहे."

"कार्ड माझं. पुस्तकं ती बदलून न्यायची."

"आणि वाचायचं कोण?"

"तीच."

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे उत्तम वाचकाचं बक्षीस..."

"तिचं."

"तीनदा घेतलंत, बोडस! वर भाषणं ठोकलीत!"

"भाषणंही तिनेच लिहून दिली होती."

एवढं झाल्यावर वाट वाचवायला वारसनोंदीचा अर्ज लिहिणं सोपं गेलं. वारसाने वाट एकदा मूळ माणसासारखी चालून दाखवायची असते, त्याचे थांबे घेत. घराकडे परतण्याच्या बाजूला नकाशात तीन टिंबं होती. बाई नकाशा आणि शिक्का घेऊन बरोबर निघाल्या.

पहिलं टिंब शेवग्याखाली होतं. मी नुसताच उभा राहिलो.

"चप्पल झटका," बाई म्हणाल्या. "इथे वाळू शिरते. सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांत मी नव्हतो.

दुसऱ्या टिंबापाशी कुंपणाआडून सरूमावशी म्हणाल्या, "आलात एकदाचे! नलूने गोष्ट अर्ध्यात सोडलीय. त्या पोस्टमास्तरचं पुढे काय झालं?"

"वाचून सांगतो," मी म्हणालो.

"कधी?"

"उद्या."

बाईंनी ते टिपून घेतलं.

तिसरं टिंब माझ्याच लिहिण्याच्या खोलीच्या खिडकीबाहेर होतं. मी गजांतून पाहिलं. आत मी होतो. टेबलावर डोकं टेकून, हातात पेन धरून गाढ झोपलेलो. पुढचा कागद कोरा होता.

बाईंनीही डोकावून पाहिलं. "रोज असंच?"

"बहुधा."

"त्या उठवायच्या नाहीत?"

"कोणी उठवल्याचं आठवत नाही."

"नोंदीत इथे दोन मिनिटं आहेत."

आम्ही दोन मिनिटं थांबलो. मग बाईंनी नकाशा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि शिक्का मारला. आवाज होऊ नये म्हणून, अगदी हळू.