नानांचे मासे

“मासा काढ रे नाना! तो बिचारा भाकर खाई ऱ्हायना, त्यामा काय खराब शे?”

खानदेशी सरूबाईचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून सुटला की भेस्तान स्टेशनात थांबलेली मालगाडी चालू लागायची. ड्रायव्हरला वाटायचं, गार्डाची शिट्टी झाली. निदान आमच्या गल्लीत असं सांगायचे, आणि मी ते पुढे सांगताना त्या गाडीला एक डबाही वाढवलेला नाही.

त्या रविवारी दुपारी मात्र चूक बाईची नव्हती. सुरतच्या बमरोलीतली आमची अख्खी गल्ली आपापल्या घरात बसून एकच सिनेमा बघत होती. हिरो तुरुंगातून सुटून घरी आला होता. बायकोने पाट मांडला, ताट वाढलं, हिरोने भाकरीचा तुकडा मोडला आणि पडद्यावर मासे आले. नारिंगी, गुबगुबीत, काचेच्या पेटीत इकडून तिकडे फिरणारे मासे. हिरो गेला, बायको गेली, भाकरी गेली.

समोरच्या खोलीतून रंगनाथ नानांचं उत्तर आलं, तेही सरूबाईच्या तोडीस तोड आवाजात. “सीन खराब होता.”

हे नाना म्हणजे आमचे केबलवाले. मूळचे जालन्याकडचे. उमेदीची सगळी वर्षं लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात गेली आणि खात्याने जाताना हातावर बहिरेपण ठेवलं. खातं सुटल्यावर दोन जुने व्हीसीआर, एक बूस्टर आणि वायरचं भलंमोठं वेटोळं घेऊन नाना आमच्या गल्लीत राहायला आले. एकटेच. बायको गेलेली आहे, मूलबाळ नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. वायर त्यांनी मारुतीच्या कळसाजवळून, बुद्धविहाराच्या गच्चीवरून आणि किराणावाल्या पटेलांच्या पत्र्यावरून, कुणाशीही भेदभाव न करता ओढली. उलगडून सरळ धरली असती, तर जालन्यातल्या भावकीलाही सिनेमा दिसला असता.

“पिच्चर म्हणजे हवा,” नाना म्हणायचे. “हवेला कुणी कुलूप लावतं का?” शुक्रवारी थेटरात लागलेला सिनेमा दोन दिवसांत बमरोलीत हजर. तो कुणीतरी थेटरात बसून चोरून टिपलेला असायचा, त्यामुळे हिरोपेक्षा पुढच्या रांगेतली डोकीच जास्त दिसायची. त्यातलं एक टकलू डोकं आमच्या चांगलं ओळखीचं झालं होतं. इंटरव्हलनंतर ते दिसलं नाही, तर सरूबाईला काळजी वाटायची. शिवाय कुणी मागितली की नाना कॅसेटची कॉपी करून द्यायचे. कॉपीची कॉपी, तिची पुन्हा कॉपी. शेवटच्या माणसाला सिनेमात फक्त धुकं दिसायचं, पण फुकटचं धुकं म्हणून तोही खूश असायचा.

वाटायला असा सढळ हात, पण दाखवताना मात्र नाना मामलेदारासारखे बसायचे. “दिल्ली-मुंबईचं सेन्सॉर देशासाठी. बमरोलीसाठी माझं.” एका व्हीसीआरमध्ये सिनेमा, दुसऱ्यात कायम माशांची कॅसेट, आणि मधल्या बटणावर नानांचा अंगठा. नानांना सीन खराब वाटला की मासे. मग माइक हातात घेऊन सगळ्या घरांना एकदम सांगायचे, “मधे काही झालं नाही. गडी जेवला. पुढे बघा.” एकदा तर म्हणाले, “मधे दोन माणसं मेली, पण ती कामाची नव्हती.”

पुढे पुढे ‘मासे आले’ हा आमच्या गल्लीचा शब्दच होऊन बसला. ऐन गप्पांत सासू आत आली की सुना म्हणायच्या, मासे आले.

तरी सीन खराब म्हणजे नेमका कसा, ते कुणालाच कळत नव्हतं. ओल्या साडीतली नाचगाणी पहिल्या ठुमक्यापासून शेवटच्यापर्यंत दिसायची. खून, दरोडे, बादलीभर रक्त, सगळं सुटायचं. पण बायकोने नवऱ्याला ताट वाढलं, मासे. त्याच्या शर्टाचं बटण शिवलं, मासे. ‘पाणी काढलंय, अंघोळ करून घ्या’ एवढं म्हणाली, तरी मासे. पटेल म्हणायचे की नानांनी कसलं तरी व्रत धरलंय. माझा सिद्धांत असा, की एकटा माणूस, उपाशी असतो, त्याला भरलं ताट बघवत नाही. म्हणून एका रविवारी सिनेमाआधी मी पिठलं-भाकरी पोचवली. नानांनी ती चाटूनपुसून खाल्ली, ढेकर दिला, आणि तासाभरात हिरॉइनने पोळी लाटायला घेतल्याबरोबर मासे सोडले.

आता आमच्या गल्लीची एक खोड सांगायला हवी. लूमच्या खात्यात इतका खडखडाट असतो की कानाशी तोंड नेलं तरी शब्द पोचत नाही. तिथे माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलतात. आमच्याकडे निम्मी गल्ली खात्यातली. सरूबाईनेही वर्षानुवर्षं बॉबिन भरलेल्या. त्यामुळे खिडकी लावून, आवाज दाबून भांडणाऱ्या नवरा-बायकोचं भांडण समोरच्या गॅलरीत शब्दन् शब्द वाचलं जायचं आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्त्यांसह गल्लीभर व्हायचं. नानाही सिनेमा ओठांवरूनच बघायचे. मद्रासकडचे हिंदी केलेले सिनेमे त्यांनी लावलेच नाहीत. “ओठ एक म्हणतात, आवाज दुसरंच. असला खोटा माल नको.”

माशांच्या कॅसेटचीही कथा होती. उधन्यात एका लग्नाला नाना गेले होते. हॉलमध्ये माशांची मोठी काचेची पेटी होती. शूटिंगवाल्याने दिवा पेटवला, कॅमेरा पेटीसमोर उभा केला, आणि तो तसाच चालू ठेवून पंगतीला जाऊन बसला. गडी खाण्यातला असणार. त्याचं जेवण उरकेपर्यंत इकडे सप्तपदी उरकली. कॅसेट लावली तर नवरा-नवरी कुठेच नाहीत, नुसते मासे. मुलीच्या बापाने ती त्याच्या अंगावर फेकली आणि नानांनी वरच्यावर झेलली. ही गोष्ट नाना हसत हसत सांगायचे आणि शेवटी एकदम हसायचे थांबायचे.

मी तेव्हा पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड तपासायला होतो. डाग शोधणं हीच माझी भाकरी. लोक नवरीचा चेहरा बघतात, मी शालूचा काठ बघतो. तर त्या माशांच्या पडद्यावर, डाव्या अंगाला, एक उभा फिकट डाग कायम असायचा. एकदा मी नानांना सांगितलं, तुमच्या मशीनचं हेड साफ करा, मासे डागाळलेत. नानांनी कितीतरी दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मग कॅसेट झिजून तिच्यावर पांढरे पट्टे यायला लागले, तेव्हा मी भीतभीत म्हणालो, नाना, एक कॉपी करून ठेवा.

“नको,” नाना म्हणाले. “कॉपीत मासे तेवढे येतात.”

माशांच्या कॅसेटमध्ये माशांशिवाय आणखी काय यायला हवं होतं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

आणि एका रविवारी छापा पडला.

सिनेमांचे हक्क असलेल्या कंपनीचा एक साहेब, टाय लावून घामाघूम झालेला, दोन पोलिसांना घेऊन नाक्यावरच्या चहावाल्याकडे उभा होता. तिथे त्याने हळूच एका पोलिसाला काहीतरी सांगितलं. हळूच सांगितलं, हीच त्याची चूक. तिसऱ्या मजल्यावरून सरूबाईने त्याचे ओठ वाचले आणि बोंब ठोकली. चहावाल्याची किटली हलली म्हणतात. साहेब जिना चढेपर्यंत नानांनी मासे सोडले होते.

साहेबाला चालू सिनेमा रंगेहाथ पकडायचा होता. त्याने पहिल्या घरात शिरून टीव्ही बघितला. मासे. दुसऱ्या घरात, मासे. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला, जिकडेतिकडे मासे आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसलेली, अत्यंत एकाग्र झालेली माणसं. पटेलांनी तर साहेबाला हाताने खुणावलं की गप बसा, आता रंगात आलंय.

पण नानांच्या खोलीत कॅसेटींची भिंत होती, ती काही लपणार नव्हती. पोलिसांनी पोती काढली. साहेब म्हणाला, मालकाच्या परवानगीशिवाय नक्कल करणं ही चोरी आहे. नाना भांडायला कमरेवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, हिरॉइनने या आठवड्यात पडद्यावर साडी नेसली की पुढच्या आठवड्यात तीच साडी सुरतच्या बाजारात गठ्ठ्याने येते, तिच्यासाठी कधी पोती आणलीत का? मीही आपली भर घातली, की साहेबांच्या शर्टावर परदेशी लेबल आहे खरं, पण ते उधन्यात शिवतात, टाका ओळखीचा आहे. साहेबाने टायने लेबल झाकायचा प्रयत्न केला. पोती मात्र भरत राहिली.

शेवटी साहेबाने दुसऱ्या व्हीसीआरमधून माशांची कॅसेट काढली.

नानांनी त्याचं मनगट धरलं. “ती नको,” म्हणाले. “बाकी सगळं न्या.”

एवढंच. पण ते हळू म्हणाले. नानांना हळू बोलता येतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं. साहेबाला मात्र संशय आला. ज्या कॅसेटसाठी माणूस बाकी सगळ्यावर पाणी सोडतो, तिच्यात माशांमागे नक्की काहीतरी भलतंसलतं दडलेलं असणार. त्याने खुर्ची ओढली आणि म्हणाला, लावा, पूर्ण बघणार.

मग त्या एवढ्याशा खोलीत साहेब, पोलीस, मी, सरूबाई, पटेल आणि दारात अख्खी गल्ली, असे आम्ही मासे बघत बसलो. आजवर हे चित्र आमच्यापर्यंत वायरीतून, बूस्टरमधून, पत्र्यांवरून ठेचकाळत यायचं. मशीनला जोडून ठेवलेल्या टीव्हीवर ते मी पहिल्यांदाच बघत होतो. पाण्यातले बुडबुडे दिसत होते. डावीकडचा तो डागही होता.

डाग हलला. डागाने डोक्यावरचा पदर सारखा केला.

पेटीच्या काचेत एका बाईचं प्रतिबिंब पडलं होतं. शूटिंगच्या दिव्याने उजळलेला चेहरा, मोठं कुंकू. ती पेटीसमोर उभी राहून मासे बघत होती. मासा काचेजवळ आला की बोट पुढे करायची, तो वळला की हसायची. मधेच तिने मान वळवली आणि कुणाला तरी काहीतरी सांगितलं. कॅसेटमध्ये बँडबाजाचा नुसता गदारोळ. शब्द ऐकू येणं शक्यच नव्हतं.

पण सरूबाई खात्यातली. तिचे डोळे बाईच्या ओठांवर होते.

“‘तुम्ही जेवून घ्या,’” सरूबाई म्हणाली. “‘मी आलेच.’” तिचा हा आवाज दाराबाहेर पोचला नाही. मालगाडीची तर गोष्टच सोडा.

मी नानांकडे बघितलं. त्यांना सरूबाईचं ऐकू गेलं नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. त्यांचे ओठ त्या बाईच्या ओठांबरोबर हलत होते.

“तिने मासे असे पोहताना कधी बघितले नव्हते,” नाना टीव्हीकडे बघतच म्हणाले. “उठेचना तिथून. मी जेवून घेतलं.”

त्या लग्नानंतरच्याच थंडीत ताप डोक्यात जाऊन ती गेली, हे नंतर कळलं. तिचा एक फोटो काढायचा नेहमीच राहून गेला होता.

कॅसेट संपेपर्यंत मासे फिरत राहिले. साहेबाने ती बाहेर काढली, उलटसुलट करून बघितली. कंपनीचं लेबल कुठेच नव्हतं.

“आ अमारी नथी,” तो म्हणाला. “राखो.” आणि कॅसेट नानांच्या हातात ठेवून, पोती उचलायला सांगून तो खाली उतरला.

काही आठवड्यांनी नानांनी कंपनीकडून रीतसर परवानगीच्या कॅसेटी आणून केबल पुन्हा सुरू केलं. सगळे सिनेमे जुने, पण चित्र स्वच्छ. त्या टकलू डोक्याची सरूबाईला फार आठवण यायची.

तेव्हा माझा मेहुणा बुलढाण्याहून नोकरी शोधायला आमच्याकडे आला होता. रविवारी सिनेमा बघता बघता हिरॉइनने नवऱ्यापुढे ताट ठेवलं आणि मासे आले. अंगावर पांढरे पट्टे, बुडबुडे दिसेनात, डावीकडचा डाग आणखी फिकटलेला. मेहुणा खिडकीशी गेला आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, “ओ केबलवाले, ते बाई त नुसती वाढून राहिली होती! मासे कायले आणले जी?”

समोरच्या खोलीतून उत्तर आलं नाही. वर सरूबाई गॅलरीच्या कठड्याला टेकून उभी होती.

“सीन खराब व्हता,” ती म्हणाली.